वैनगंगेकाठची मुलगी, आलिएकाठचे घर

झाडीपट्टीतल्या आईबापांना मुलाला शिक्षणासाठी परगावी पाठवावयाचे झाले, म्हणजे शाळा कोणती आणि महाविद्यालय कोणते या विचाराच्याही आधी एक प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहतो, तो म्हणजे मूल राहणार कोणाच्या घरी. चामोर्शीकडचा मुलगा चंद्रपुरास मामाकडे राहतो, एटापल्लीकडची मुलगी गडचिरोलीत मावशीच्या दोन खोल्यांत भावंडांबरोबर दाटीवाटीने झोपते, आणि असे नात्याचे घर ज्याच्या वाट्यास आले नाही त्याची रवानगी आश्रमशाळेत किंवा सरकारी वसतिगृहात होते. पूर्वीच्या काळी पुण्यासारख्या शहरात गरीब विद्यार्थी वार लावून जेवत, म्हणजे सोमवारी एकाच्या घरी, मंगळवारी दुसऱ्याच्या, असा आठवड्याचा शिरस्ता बांधून घेत. आणि त्या परक्या पंगतीत बसून ज्यांनी विद्या संपादन केली, त्यांची नावे पुढे महाराष्ट्राच्या इतिहासात गेली. विद्यार्थ्याला घर देणे ही आपल्याकडे कोणी शिकवावयाची गोष्ट नव्हती, आणि मार्कंड्यास तर ती मुळीच नाही. वैनगंगा जेथे उत्तरवाहिनी होते, त्या काठावर मार्कंडेश्वराच्या देवळांचा जो प्राचीन समूह आहे, त्याच्या दर्शनासाठी महाशिवरात्रीच्या जत्रेत माणसांचा असा लोट येतो, की त्या दिवसांत आसपासच्या गावांतल्या घराघरांत ओसरीपासून माजघरापर्यंत पाहुण्यांची अंथरुणे पडलेली असतात.

अशा मुलखात वाढलेली मुलगी जेव्हा फ्रान्समधील एका अनोळखी कुटुंबात राहावयास जाते, तेव्हा परदेशगमनाच्या नेहमीच्या गोष्टींपेक्षा, म्हणजे विमान, थंडी, परकी भाषा यांपेक्षा, मला कुतूहल वाटते ते या एका गोष्टीचे, की पाहुणचाराच्या एका रीतीत मुरलेले मन दुसऱ्या रीतीच्या घरात कसे रुळते. माझ्या परिचयातील एका घरची मुलगी याच वाटेने गेली. तिचे आणि तिला ठेवून घेणाऱ्या कुटुंबाचे नाव येथे देण्याचे कारण नाही. परंतु तिच्याकडून जे ऐकले त्याचा उपयोग आमच्याकडील इतर मुलांना आणि त्याहूनही त्यांच्या आईबापांना होईल, असे वाटल्यावरून हे लिहीत आहे.

परदेशी विद्यार्थ्याने वसतिगृहाऐवजी त्या देशातील कुटुंबात राहावे, ही कल्पना संस्थेच्या रूपाने विसाव्या शतकातली आहे. १९३२ साली डोनाल्ड वॉट या अमेरिकन गृहस्थाने तरुणांना परदेशी कुटुंबांत ठेवून भाषा आणि लोकजीवन शिकविण्याचा जो उपक्रम आरंभिला, त्यातून ही पद्धती फोफावली. दुसऱ्या महायुद्धानंतर एएफएस आणि रोटरी यांसारख्या संस्थांनी तिला जगभर पसरविले, आणि रोटरीच्या विनिमय योजनेतून महाराष्ट्रातली किती तरी शाळकरी मुले आजही एकेक वर्ष युरोपातील घरांत काढून येतात. रोटरीचे यजमान कुटुंब मुलाकडून पैसा घेत नाही. याहून निराळा प्रकार भाषाशिक्षणसंस्थांचा आहे. मध्य फ्रान्समध्ये आलिए नदीच्या काठी विशी नावाचे जे औषधी झऱ्यांचे शहर आहे, तेथे १९६४ साली काव्हिलाम ही फ्रेंच भाषा शिकविणारी संस्था स्थापन झाली. तेथे येणारे पुष्कळ विद्यार्थी गावातील कुटुंबांत राहतात, सकाळची न्याहारी आणि रात्रीचे जेवण त्या घरी घेतात, आणि त्याचा ठरलेला मोबदला कुटुंबास मिळतो. आमची मुलगी गोंडवाना विद्यापीठाची पदवी आणि नागपुरात शिकलेले जुजबी फ्रेंच एवढ्या भांडवलावर प्रथम या विशीत गेली, आणि पुढे क्लेरमाँ-फेराँच्या विद्यापीठात भूगोलाच्या वर्गात रुजू झाली.

पण या सर्व संस्थांच्या कितीतरी आधी एका मराठी मुलीने परक्या घराचा आश्रय घेऊन विद्या मिळविली होती, आणि तिची हकीकत या विषयात कधीही विसरता येणार नाही. न्यू जर्सीतील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाईंनी एका मिशनरी मासिकात त्या मुलीचे पती गोपाळराव जोशी यांच्या पत्रव्यवहाराचा वृत्तान्त वाचला, आणि पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूस शिकण्यासाठी तळमळणाऱ्या त्या अज्ञात मुलीला त्यांनी आपण होऊन पत्र लिहिले. या पत्रांतून मावशी-भाचीचे नाते जडले, ते प्रत्यक्ष भेटीच्या आधीच. ७ एप्रिल १८८३ रोजी अठरा वर्षांच्या आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून बोटीत बसल्या, जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या, आणि तो संपूर्ण उन्हाळा त्यांनी कार्पेंटर कुटुंबात घालविला. त्या घराने त्यांचा शाकाहार आणि त्यांचे लुगडे जसेच्या तसे राहू दिले. पुढे फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्यावर त्या खोली घेऊन राहू लागल्या. तेथील थंडी, धूर ओकणारी शेगडी आणि स्वतःच्या हाताने कसाबसा रांधलेला स्वयंपाक यांनी त्यांची प्रकृती पोखरली. ११ मार्च १८८६ रोजी पदवी मिळाली, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठविण्यात आल्या, आणि पुकीप्सी येथील दफनभूमीत, कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत, त्या विसावल्या. रोझेलचे घर आणि फिलाडेल्फियाची खोली यांतील हे अंतर मला नेहमी अस्वस्थ करते. परक्या मुलखातले पहिले काही महिने विद्यार्थ्याने कोणाच्या तरी घरी काढावेत, हा माझा आग्रह तेथूनच निघाला आहे.

तर आमची मुलगी जूनमध्ये विशीत पोहोचली. मार्कंड्याकडे त्या दिवसांत जमीन भाजून निघालेली असते आणि माणसे मृगाच्या पावसाकडे डोळे लावून बसलेली असतात. तेथे रात्रीचे जेवण आठ वाजता मांडले गेले तेव्हा सूर्य अजून नदीवर होता, आणि साडेनऊपर्यंत तो मावळण्याचे नाव घेईना. उजेडात जेवून उजेडातच निजावयाचे, हे तिला पहिले काही दिवस फार अवघड गेले. घर एका निवृत्त शिक्षिकेचे आणि त्यांच्या पतीचे, मुले नोकरीनिमित्त दूर गेलेली, वरच्या मजल्यावर मुलीची एक रिकामी खोली. ती हिला मिळाली. संध्याकाळी घराच्या सर्व खिडक्यांच्या लाकडी झडपा बाहेरून लावून घेण्याची तेथे रीत आहे, आणि ज्या घराचे दार दिवेलागणीपर्यंत सताड उघडे असते अशा घरातून आलेल्या मुलीला त्या बंद झडपांनी प्रथम दडपण आणले. शौचकूप आणि स्नानगृह वेगळे. स्नानाच्या गरम पाण्याची टाकी बेताची, तेव्हा मागच्या माणसास पाणी उरेल अशा बेताने आटोपावयाचे. सकाळी दुधाळ कॉफी कानाच्या पेल्यात मिळण्याऐवजी मोठ्या वाडग्यात मिळाली, आणि आदल्या दिवशीचा पाव लोणी-मुरंबा लावून तीत बुडवून खावा, हे बाईंनी स्वतः खाऊन दाखविले. भेटताना गालाला गाल लावण्याची चाल तर सर्वांनाच ठाऊक असते. किती वेळा लावावयाचा हे प्रांताप्रांतावर अवलंबून असल्यामुळे नवख्याने समोरच्याचे बघून करावे, एवढेच त्यात शिकण्यासारखे.

खरे शिक्षण झाले ते रात्रीच्या जेवणाच्या टेबलावर. फ्रेंच माणसाच्या भोजनविधीची नोंद युनेस्कोने २०१० साली मानवजातीच्या अमूर्त वारशात केली आहे, आणि त्या नोंदीमागचा अर्थ अशा घरी बसल्याखेरीज ध्यानात येत नाही. आपल्याकडे ताटात डावे-उजवे सर्व एकदम वाढले जाते. तेथे पदार्थ एकामागून एक येतात, आधी काही हलके, मग मुख्य अन्न, मग पाने, मग चीज, आणि शेवटी फळ किंवा गोड. पाव ताटलीत ठेवीत नाहीत, ताटलीशेजारी थेट टेबलावर ठेवतात. हात मांडीवर दडवून बसत नाहीत, मनगटे टेबलाच्या कडेवर दिसली पाहिजेत. त्या प्रांतातले सें-नेक्तेर नावाचे चीज, करड्या सालीचे, आत मऊ, टेबलावर आले तेव्हा हिने त्रिकोणी तुकड्याचे टोक कापून घेतले. यजमानांनी काही न बोलता सुरी घेतली आणि कडेने, गाभ्यापासून सालीपर्यंत, लांब पातळ काप काढून दाखविला. कारण उघड होते, गाभा आणि साल सगळ्यांच्या वाट्यास सारखी आली पाहिजे. ही समजूत आमच्या पंगतीच्या नीतीशी किती जवळची आहे!

परंतु एका गोष्टीने तिला त्या टेबलावर अर्धपोटी ठेवले. आपल्याकडे पहिल्यांदा वाढावयास आले म्हणजे हाताने ताट झाकावयाचे, दुसऱ्यांदा नको म्हणावयाचे, आणि वाढणाऱ्याने आग्रह करून तिसऱ्यांदा वाढले म्हणजे मग गोड मानून खावयाचे, ही रीत इतकी अंगवळणी पडलेली असते की आपण ती पाळतो आहोत याचेही भान राहत नाही. बाईंनी विचारले, आणखी घेणार का. हिने शिष्टाचार म्हणून नको म्हटले. बाईंनी तो शब्द प्रमाण मानला आणि भांडे पुढे सरकविले. त्यांच्या लेखी पाहुण्याच्या शब्दावर विश्वास ठेवणे हाच आदर होता, आणि नको म्हणणाऱ्याला पुन्हा पुन्हा विचारणे ही त्याच्यावर जबरदस्ती झाली असती. मुलगी रात्री खोलीत जाऊन घरून आणलेले चिवड्याचे पुडे उघडू लागली. फोनवर हे कळताच तिच्या मायला धक्काच बसला. पैसे घेऊनही पोरीला कोणी पोटभर वाढीत नाही, असा तिने अर्थ केला. उलगडा झाला तो शिक्षिकेने एकदा सरळच विचारल्यावर, की माझा स्वयंपाक तुला रुचत नाही का. मग हिने मोडक्या फ्रेंचमध्ये आग्रहाची सारी पद्धत हातवारे करून समजावून सांगितली. त्या दिवसापासून दोघींत असे ठरले, की हिने भूक असेल तर पहिल्याच वेळी हो म्हणावे, आणि बाईंनी दर रविवारी मात्र मराठी रीतीने तीनदा विचारावे. दोन्ही पक्षांनी हा तह निष्ठेने पाळला.

खाण्यापिण्याच्या निर्बंधांविषयी एक व्यावहारिक सूचना येथेच करून ठेवतो. त्या प्रदेशात शारोले जातीची पांढरीशुभ्र गुरे कुरणाकुरणांतून दिसतात आणि गोमांस हा तेथे रोजच्या खाण्यातला भाग आहे. जे आपण खात नाही ते संकोच न करता घर मागण्याच्या अर्जातच लिहून द्यावे. वैनगंगेच्या माशांवर वाढलेल्या आमच्या मुलीला मासे, कोंबडी, अंडी यांचे वावडे नव्हते, आणि गोमांस चालत नाही हे तिने आधी लिहून दिले होते. तेव्हा बाईंनी प्युईच्या हिरव्या मसुरी मांसाशिवाय, गाजर-कांद्यात शिजविल्या, आणि बटाटे आणि साय भरलेली पेस्ट्री, जी त्या आलिए प्रांताची खासियत, करून घातली. भाताची भूक मात्र कशानेही भागत नाही. धानाच्या मुलखातल्या माणसाने त्याची तयारी मनाशी करूनच निघावे.

आता पैशाविषयी. महिन्याच्या महिन्याला मोबदला मोजून ज्या घरात राहावयाचे त्यास घर म्हणावे की खाणावळ, असा प्रश्न आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. आणि मुलीच्या बापाने तो मला विचारलाही. मामाकडे राहणाऱ्या मुलाकडून कोणी दमडी घेत नाही हे खरे. पण त्या मुलाला पाणी भरावे लागते, दुकानावर बसावे लागते, मामेभावंडांचा अभ्यास घ्यावा लागतो, आणि पुढे पंचवीस वर्षे त्या उपकाराचा उल्लेख लग्नकार्यात ऐकावा लागतो. मामाचे प्रेम खोटे असते असे मी म्हणत नाही. ते ऋणाशी इतके गुंतलेले असते की दोहोंची फारकत होत नाही. फ्रेंच घरी ऋणाचा हिशेब पैशाने महिन्याच्या अखेरीस चुकता होतो, आणि त्यानंतर जी आपुलकी उरते ती कोणाच्याही खात्यावर मांडलेली नसते. मुलगी तापाने निजली तेव्हा यजमानांनी तिला डॉक्टरकडे नेले, रात्री दोनदा येऊन पाहून गेले. हे कोणत्याही करारात लिहिलेले नव्हते. उलट, जेवणास उशीर होणार असेल तर आधी कळविले पाहिजे, या साध्या नियमात हिने एकदा कुचराई केली तेव्हा त्यांनी तो दोष स्पष्ट शब्दांत दाखविला, आणि दुसऱ्या दिवशी त्याचा मागमूसही ठेवला नाही. रुसणे आणि मग समजूत काढणे या आपल्याकडील वळणाच्या वाटेची सवय असलेल्या मुलीला तो सरळपणा आधी बोचला आणि मग फार आवडला.

सरकारी कामाचा व्याप थोडक्यात सांगतो. दीर्घ मुदतीचा विद्यार्थी-व्हिसा मिळविताना महिन्याला निदान ६१५ यूरो खर्चाची तजवीज दाखवावी लागते. पोहोचल्यावर तीन महिन्यांच्या मुदतीत तो व्हिसा ऑनलाइन नोंदवून कायम करून घ्यावा लागतो, आणि ती मुदत चुकविणे महागात पडते. यजमान कुटुंबाने दिलेला राहण्याचा दाखला बँकेत खाते उघडण्यापासून सर्वत्र लागतो, म्हणून त्याच्या नकला जवळ ठेवाव्यात. युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांसाठी सरकारी विद्यापीठांचे वार्षिक शुल्क २०१९ साली पदवीस २७७० आणि पदव्युत्तर वर्गास ३७७० यूरो असे ठरले; पुढे त्यात थोडी वाढ होत गेली, परंतु कित्येक विद्यापीठे त्यात सूटही देतात, तेव्हा अर्जापूर्वी चौकशी अवश्य करावी. विद्यार्थ्याला वर्षाकाठी ९६४ तासांपर्यंत नोकरी करण्याची मुभा आहे.

भाषेच्या बाबतीत तिचा अनुभव असा, की वर्गात व्याकरण आले आणि घरी धीटपणा आला. तू आणि तुम्ही हा भेद मराठी माणसाला जन्मतःच ठाऊक असल्यामुळे फ्रेंचमधील तसल्या भेदाने तिला अडविले नाही. अडविले ते टेबलावरच्या वादविवादाने. फ्रेंच कुटुंब जेवताना भांडते असे तिला सुरुवातीस वाटले. निवडणूक, निवृत्तिवेतन, शेजाऱ्याने तोडलेले झाड, कोणताही विषय निघो, पतिपत्नी एकमेकांचे मत खोडून काढीत आणि मग हसतमुखाने फळ सोलीत. ही मात्र सर्व गोष्टींना मान डोलावी. वडीलधाऱ्यांपुढे मतभेद दाखवू नये, या संस्काराने ती गप्प बसे, आणि त्या गप्प बसण्याचा अर्थ तिथे असा घेतला जाई, की हिला काही सांगावयाचेच नाही. नागपूरच्या कलाशाळेत शिकलेले आणि मंडल्याच्या जंगलात वनखात्यातील नोकरदाराच्या घरी वाढलेले चित्रकार सय्यद हैदर रझा १९५० साली फ्रेंच सरकारची शिष्यवृत्ती घेऊन पॅरिसला गेले आणि जवळजवळ साठ वर्षे तेथे राहिले. तेथे राहून त्यांनी नर्मदेकाठचे ते जंगलच पुन्हा पुन्हा रंगविले. परक्या देशात माणसाला वाचा फुटते ती बहुधा आपल्या मातीविषयी बोलू लागल्यावर, हे मला त्यांच्यावरून वाटत आले आहे, आणि या मुलीच्या बाबतीतही तसेच घडले.

ऑगस्टमधल्या एका रविवारी यजमान तिला त्राँसेच्या जंगलात घेऊन गेले. विशीहून मोटारीने दीडेक तासावर असलेले हे ओकवृक्षांचे अरण्य सुमारे १०,६०० हेक्टरांवर पसरले आहे. चौदाव्या लुईचा मंत्री कोल्बेर याने १६७० च्या सुमारास, आरमारासाठी लाकूड लागेल या दूरदृष्टीने, त्याची व्यवस्था लावून दिली. जहाजे लोखंडाची झाली तरी जंगल राहिले, आणि आता त्या ओकच्या फळ्यांची पिंपे मद्य मुरविण्यासाठी दूरदूर जातात. शंभर-सव्वाशे फुटांचे सरळ खोड, खाली फांदी नाही, दाट सावलीत ओलसर पाचोळा. हिने आलापल्लीचे सागवान पाहिलेले होते. उंच झाडांत ती उभी राहिली आणि प्रथमच कोणी न विचारता बोलू लागली: सागाचे पान किती मोठे असते, मे महिन्यात तेंदूपत्त्याची तोडणी कशी चालते, पहाटे मोहाची फुले वेचावयास बायका कशा जातात.

यजमानांनी विचारले, हे जंगल सरकारचे आहे, तुमचे कोणाचे? तेव्हा तिने धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखाची हकीकत सांगितली: गोंडांच्या त्या लहानशा गावाला वनहक्क कायद्याखाली २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, तरी स्वतःच्या बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकार वनखाते सोडीना, शेवटी एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन ते परवानापुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. यजमानांना हे पटेना. गावकऱ्यांच्या हाती जंगल दिले तर दोनशे वर्षांनी तोडावयाचे झाड ते वीस वर्षांतच तोडतील, कोल्बेरसारखा दीर्घदृष्टीचा अधिकारी हवाच, असे त्यांचे म्हणणे पडले. त्यावर मुलगी उसळली. कोल्बेरला झाडे लढाईसाठी हवी होती, आमच्या लोकांना ती जगण्यासाठी हवी आहेत, आणि जो त्या जंगलात रोज जातो तो त्याचा नाश का करील, असे तिने क्रियापदांची रूपे चुकत, शब्द सापडला नाही तेथे मराठी शब्द घालून, परंतु न थांबता सांगितले. बाईंनी तिची बाजू घेतली. परतीच्या प्रवासात मोटारीत हा वाद चालू राहिला, घरी आल्यावर झडपा लावता लावता चालू राहिला, आणि रात्री चीजपर्यंत पोहोचला तरी मिटला नव्हता. सोमवारी सकाळी यजमानांनी वनहक्क कायदा नेमका काय आहे हे तिला वहीत लिहून द्यावयास सांगितले.